शाझियाचे साठ अंश

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कोनमापक आहे. वडूजच्या बिराप्पा सुताराने मला सागाच्या फळीतून कापले आणि अंशांच्या रेघा तापल्या सळईने डागल्या. मग गावातल्याच एका ज्युनियर कॉलेजात वीस वर्षे मी फळ्यावर फिरलो. रोज खडूने पांढरा व्हायचो. मला ते आवडायचे.

पुढे वर्गात मोठा पडदा आला. त्यावर बाण आपोआप सरकत. मी कपाटामागे पडलो आणि दोन वर्षे कुणी मला शोधलेच नाही.

यंदा बारावीच्या भौतिकशास्त्राच्या चाचणीत एक गणित होते. समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन सारखे विद्युत प्रभार, म्हणजे चार्ज, आहेत. प्रत्येक जण दुसऱ्याला दहा न्यूटन बलाने दूर ढकलतो. तर एका प्रभारावर एकूण बल किती? शाझियाने लिहिले, वीस. वर्ग सुटल्यावर ती कस्तुरी मॅडमांसमोर रडवेली उभी राहिली.

"मॅडम, मी आर्ट्सला जाते. धा आन धा वीस, त्येबी चुकतंय माझं."

मॅडमनी कपाट सरकवून मला काढले, पदराने पुसले. मग शाझियाला मध्ये उभी करून त्यांनी आणि तिची मैत्रीण प्रांजल हिने मागून दोन तिरक्या बाजूंनी तिला ढकलले.

"कुठे गेलीस?"

"मधनं, सरळ."

"आमचा सगळा जोर लागला?"

शाझियाने दोघींकडे वळून पाहिले. "न्हाई. तुमी उजवीकडं रेटत हुता, ही डावीकडं. तेवढा एकमेकात जिरला."

तिने मला फळ्यावर टेकवले आणि समभुज त्रिकोणाच्या साठ अंशांत, एका न्यूटनला एक सेंटीमीटर धरून, दहा-दहा सेंटीमीटरच्या दोन रेघा ओढल्या. समांतरभुज चौकोन पुरा करून कर्ण मोजला. सतरा पूर्णांक तीन दशांश! सूत्रानेही तेवढेच आले.

"आता त्रिकोणाच्या बरोबर मध्ये चौथा चार्ज ठेव," मॅडम म्हणाल्या.

तिने मला फिरवून पाहिले. बलांच्या तिन्ही बाणांमध्ये एकशेवीस अंश. आकडेमोड न करताच ती म्हणाली, "शून्य. ह्यो कुठंच जात न्हाई."

"आणि तू?"

शाझिया लाजली. "मीबी न्हाई, मॅडम."

आता मी पुन्हा रोज पांढरा होतो. मित्रांनो, तुमच्या वर्गात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा. ओल्याने लाकूड फुगते, आणि मग साठ अंश साठ राहत नाहीत.