बसवराजच्या पोटातलं मद्दू

अक्कलकोट रस्त्याला बंद पडलेल्या एका लूमच्या शेडमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जिथं एके काळी चादरी विणल्या जायच्या तिथं माणसं रांगेनं बसून ओकत होती, आणि त्यांना ओकताना बघायला त्यांच्याहून जास्त माणसं जमली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात स्टीलची परात. परातीत काही पडलं की गर्दी टाचा उंचावून बघायची आणि "निघालं, निघालं" म्हणत हात जोडायची.

निघत होतं ते मद्दू. कन्नडमध्ये मद्दू म्हणजे साधं औषध, पण आमच्या भागात 'मद्दू घातलं' म्हटलं की बायका आवाज खाली करतात. कुणीतरी जेवणातून गुपचूप काहीतरी चारलं, ते पोटात चिकटून बसलं आणि माणूस चारणाऱ्याच्या मुठीत गेला, असा त्याचा अर्थ. ते बाहेर काढणाऱ्याला मोठा मान असतो. सध्या तो मान रुद्रप्पा महाराजांकडे होता. अंगावर भगवी लुंगी, मनगटावर स्मार्ट घड्याळ आणि पाठीमागं देवाच्या तसबिरीखाली दक्षिणेसाठी क्यूआर कोड.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अशा ठिकाणी माझं डोकं फिरतं, म्हणून मी जातच नाही. त्या दिवशी गेले, कारण पहिल्या परातीपुढं आमच्या शेजारचा बसवराज बसला होता, आणि त्या परातीत काय पडतंय यावर त्याच्या बायकोचं घरात राहणं ठरणार होतं.

बसवराजचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेले काही महिने त्याच्या छातीत जळजळायचं, आंबट ढेकर यायचे, अन्न नको व्हायचं. डॉक्टरकडं जायच्या आधीच त्याच्या आईनं, महानंदामावशींनी, निदान करून टाकलं होतं.

"लग्नाआदी ह्यो ताट बी उचलत नव्हता, बाई," त्या मला म्हणाल्या. "आता भांडी घासतोय की. पोरीचे लंगोट बी धुतोय. हे काय धड माणसाचं लक्षण हाय व्हय? घातलंय तिनं कायतरी."

"मावशी, बायको बाळंत झालीय म्हणून हातभार लावतोय."

"माझी बी बाळंतपणं झाली की. ह्याच्या बापानं कदी पाण्याचा तांब्या दिला न्हाय."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण मी विज्ञानाला धरून राहिले. त्यांना सांगितलं, खाल्लेलं अन्न जठरात काही तास थांबतं. तिथं आम्ल सुटतं, घुसळण होते, आणि खालच्या तोंडाची झडप ते थोडं थोडं लहान आतड्यात सोडते. पुढं यकृताचं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यात मिसळतो. अंगी लागायचं ते रक्तात जातं, उरलेलं मोठ्या आतड्यातनं बाहेर. वर्ष वर्ष मुक्काम ठोकायची सोय तिथं कुणालाच नाही.

"लोणचं वर्षभर बरणीत ऱ्हातंच की," मावशी म्हणाल्या.

"बरणी स्वतःला ढवळत नाही, मावशी. आणि बरणीला खालून तोंड नसतं."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेला चुलीपाशी येऊ देणं बंद केलं.

ती सून, सिद्धेश्वरी, शेडच्या दाराशी चार महिन्यांच्या मुलीला पाजत बसली होती. मुलीचं नाव अक्कम्मा. मावशींच्या आईचं नाव मावशींनीच हट्टानं ठेवलेलं. घरात सगळे तिला अक्कू म्हणतात.

"मद्दू निघालं तर हिला घिऊन दुधनीला माहेरी जायचं, असं ठरलंय, बाई," सिद्धेश्वरी म्हणाली. "आन् निघणारच. हितं सगळ्यांचंच निघतंय."

तिचे डोळे कोरडे होते. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. मला त्या परातींचा, त्या लुंगीचा आणि त्या क्यूआर कोडचा भयंकर राग आला.

महाराजांचा विधी असा. रोग्यानं रात्रीपासून उपाशी यायचं. आल्या आल्या हळद घातलेलं दूध तांब्याभर प्यायचं. मग महाराजांचं प्रवचन ऐकायचं.

"पोटात सात कप्पे असतात," महाराज सांगत होते. "सातव्यात मद्दू लपतं. डॉक्टर नळीतनं कॅमेरा घालतो, त्याला दिसतं का? न्हाय दिसत. कॅमेरा जपानचा, मद्दू कर्नाटकातलं. भाषाच कळत न्हाय त्याला."

लोक माना डोलवत होते. मग गुरूंची कथा आली, गुरूंच्या गुरूंची आली, टॉक्सिन आलं, निगेटिव्ह एनर्जी आली. मला कौतुक वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कथा कितीही रंगात आलेली असो, महाराज मधून मधून घड्याळाकडं बघत होते. अर्ध्या तासाच्या आत एकालाही ओकायची परवानगी नव्हती.

वेळ भरल्यावर कोमट मिठाचं पाणी आलं आणि घशात बोट घालायचा हुकूम झाला. बसवराज बिचारा आज्ञाधारक, त्यानं घातलं. परातीत पिवळट गोळे पडले. महाराजांनी डबीतलं पांढरं भस्म त्यावर भुरभुरलं आणि बोटानं कालवलं. बघता बघता गोळे लालभडक झाले.

"रगत," कुणीतरी पुटपुटलं.

"घरातल्याच हाताचं हाय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "बाईचा हात. बाहेरनं आलेल्या बाईचा."

सून ही बाहेरूनच येते, त्यामुळं हे वाक्य सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही घराला लागू पडतं. पण मावशींचा चेहरा उतरला. त्या उठून सिद्धेश्वरीपाशी गेल्या, तिच्या मांडीवरून अक्कूला उचलून खांद्यावर टाकलं आणि तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "पिशवी भर तुजी."

अक्कूचं पोट नुकतंच टम्म भरलेलं. तिला खांद्यावर आपटल्यावर तिनं तेच केलं जे कुठलंही तान्हं बाळ करतं. मावशींच्या इरकली साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत ओघळ गेला. पांढरे, फुटलेले, दह्यासारखे गोळे.

मी पुढं झाले. गर्दीत मास्तरणीचा आवाज लावायची मला सवय आहे.

"मावशी, पुसू नका. आधी सगळ्यांना दाखवा. बसवराजच्या परातीत असलेच गोळे होते ना? फक्त पिवळे."

मावशींनी पुसायला उचललेला पदर खाली सोडला.

"ही पोर आईच्या दुधाशिवाय काही खात नाही. हिला कुणी मद्दू घातलं?"

गर्दी टाचा उंचावून साडीकडं बघायला लागली. मला वाटलं जिंकले. पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"आईच्या दुधातनं उतरलं," ते शांतपणे म्हणाले. "जिच्या अंगात मद्दू, तिच्या दुधात मद्दू. पोरगी बी बाधली."

मी तोंड उघडलं, पण मला बोलावंच लागलं नाही. मावशी महाराजांकडं वळल्या होत्या.

"काय म्हनला?"

"दुधात मद्दू हाय, अव्वा."

"ह्यो बसवराज," मावशींनी लेकाकडं बोट केलं, "वर्षाचा हुईस्तवर असाच वकत हुता. माज्या समद्या साड्या नासवल्या त्यानं. तवा माज्या दुधात मद्दू हुतं व्हय?"

महाराजांनी घड्याळाकडं बघितलं.

"बोला की. मी घातलं व्हतं माज्या लेकराला?"

मागून एक आजी म्हणाली, "लेकरू फाटकं दूध वकतंच की. त्यात काय."

"बरोबर," मी म्हणाले. "पोटातल्या आम्लानं आणि पाचक रसानं दूध फाटतं, म्हणून तर ते पचतं. बाळाचं फाटतं तसं बसवराजचंही फाटतं. उपाशी पोटी तांब्याभर दूध प्यायलात, अर्धा तास कथा ऐकलीत आणि मग ओकलात, तर गोळे नाही पडणार तर काय पडणार? ती कथा नव्हती, दूध फाटायला लागणारा वेळ होता."

"आन् रगत?" बसवराजनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. त्याचा चेहरा ओकून ओकून पांढरा पडला होता.

पुढच्या रोग्यासाठी भरून ठेवलेला हळदीच्या दुधाचा तांब्या तिथंच होता. मी महाराजांची डबी उचलली. ते "भस्माला बाईचा हात लागत न्हाय" म्हणेपर्यंत चांगलं चमचाभर भस्म तांब्यात पडलंही होतं. ढवळलं आणि दूध परातीत ओतलं. तांबडंलाल.

"हे दूध कुणीच प्यायलेलं नाही," मी म्हणाले. "मग यातलं मद्दू कुणाच्या पोटातलं?"

त्या आजीनं डबीत बोट बुडवून अंगठ्यावर चोळून बघितलं. "चुना हाय," ती म्हणाली. "हळदीत चुना घातला की लालच हुणार. पानाची पिचकारी बगितली न्हाय काय कुणी?"

महाराजांना एकदम दुपारच्या पूजेची आठवण झाली. तसबीर राहिली, पण क्यूआर कोड मात्र ते न विसरता काढून घेऊन गेले.

बसवराजला संध्याकाळी मी डॉक्टरकडं नेलं. त्यांनी विचारलं, सकाळी काय खातोस? काही नाही. दुपारी? दुकान सोडता येत नाही म्हणून तोंडात तंबाखूचा मावा. रात्री? उशिरा, शेंगाचटणी आणि ठेचा भरपूर. डॉक्टर म्हणाले, जेवणाचा वास आला, नुसती आठवण झाली, तरी मेंदू जठराला तयारीचा निरोप धाडतो आणि आम्ल सुटायला लागतं. शेजारच्या भज्याच्या गाड्यानं दिवसभर तुझ्या जठराला निरोप जातायत, अन्न मात्र पोचत नाही. मग ते जळजळणारच. मावा सोड, वेळेवर जेव, गोळ्या घे, आणि महिन्यानं परत दाखव.

घरी आलो तर सिद्धेश्वरीनं सकाळीच भरून ठेवलेली पिशवी तशीच दाराशी. आत चुलीपाशी ती भाकरी थापत होती. मावशी समोर ताट घेऊन बसल्या होत्या, अक्कू त्यांच्या मांडीवर. पहिली भाकरी तव्यावरून उतरली ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली आणि लेकाच्या आधी खाल्ली.  तेव्हा मात्र सिद्धेश्वरी रडली.

जेवण झाल्यावर बसवराज उठला आणि मोरीत बसून भांडी घासायला लागला. मावशी त्याच्याकडं बघत होत्या.

"मद्दू तर निघालं म्हनत हुते," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, हे सगळं लिहायचं कारण एवढंच की रुद्रप्पा महाराज पळाले तरी त्यांचा धंदा पळालेला नाही. उद्या दुसऱ्या शेडमध्ये दुसरी लुंगी बसेल आणि दुसऱ्या कुणाची तरी सून पिशवी भरेल. पोट दुखलं तर डॉक्टरकडं जा. आणि तुमच्या पोटातून कुणी काही काढून दाखवलं, तर हात जोडायच्या आधी त्याला एवढंच विचारा, की मघाशी तू माझ्या पोटात काय घातलं होतंस?