पाखाडी बंद आहे

हरिहरेश्वरच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून समुद्राकडे उतरलं की खारवेळ लागतं, आणि खारवेळला नूतनची वाट प्रसिद्ध आहे. मुंबईची माणसं कोळीवाड्यापाशी गाडीतून उतरतात आणि बुटांच्या नाड्या अशा आवळतात, जणू हिमालयच चढायचा आहे. नूतन हसते. "ताई, चपलेवर या. माझ्या वाटेत दमायला काय न्हाय," म्हणते आणि पुढे चालू लागते. आधी खाडीचं तोंड, ओहोटीला तिथे घोट्याएवढं पाणी. मग डोंगराच्या नाकाखालचा काळा खडक, मग वाळूची लांबलचक पुळण, मग सुरूचं बन. बन संपलं की नूतनचं घर. तिथे तिची आई रंगू गरम घावणे काढते, नारळाचा रस देते, आणि पोट टम्म झालं की पाहुणे आल्या वाटेने परत.

आल्या वाटेने परत, हे काहींना खटकतं. माणसाला गोल फिरून आल्याशिवाय फिरल्यासारखं वाटत नाही. शिवाय नूतनच्या अंगणासमोरूनच पाखाडी वर जाते. जांभ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, भर दुपारीही गार सावली. ती थेट देवळापाशी आणि तिथून एसटीच्या थांब्यावर निघते. कुणी विचारलंच तर नूतन म्हणते, "ती बंद आहे." पाहुणे वर बघतात. बायका भारे घेऊन उतरत असतात, म्हातारे काठी टेकत चढत असतात. मग ते बिचारे मुकाट आल्या वाटेला लागतात.

पाखाडी बंद होती ती फक्त नूतनला आणि तिच्या आईला.

तिच्या बापाने, दयारामने, कोर्टात खरं बोलण्याचा मूर्खपणा केला होता. गावकीचा म्होरक्या दिनानाथ. त्याने शेजाऱ्याच्या वाडीत कुंपण सरकवलं, शेजारी कोर्टात गेला आणि दयारामने साक्ष दिली. कुंपण मागे गेलं. मग देवळात गावकी बसली आणि दिनानाथने देवासमोर उभं राहून सांगितलं, की या घराशी आजपासून कुणी बोलायचं नाही, यांना पीठ दळून द्यायचं नाही, यांच्या घरी जायचं नाही, आणि पाखाडी गावकीची आहे, तिच्यावर यांचं पाऊल पडता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांच्या पोरांना दयारामने पोहायला शिकवलं होतं त्यांनीही डोलावल्या.

नूतनचं ठरलेलं लग्न मोडलं. पण ते ती कधीच विसरून गेली असती. तिला विसरता आली नाही ती गणपती नुकते गेल्यावरची एक सकाळ. दयारामच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायला दोघीजणी त्याला धरून पाखाडीच्या पायथ्याशी गेल्या, तर वरून दिनानाथ ओरडला, "पायरी चढाल तर बघा!" चार पोरं आडवी उभी राहिली, त्यांत दिनानाथचा कमलेशही होता. मायलेकींनी दयारामला उचलून किनाऱ्याने नेलं. खाडीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा भरती होती, पाणी गळ्याएवढं. त्याला खडकावर बसवून त्या पाणी उतरायची वाट बघत राहिल्या. पाखाडीच्या वळणावरून तो खडक स्वच्छ दिसतो, आणि तिथे उभं राहून गाव बघत होतं. पाणी उतरायच्या आत दयाराम गेला. खांदा द्यायला खाडीपलीकडचे कोळी आले, नूतनची मैत्रीण भाविका हिचा बाप आणि भाऊ. गावातलं कुणी आलं नाही.

पुढे भाविकाच्याच ओळखीने पहिले पाहुणे आले, त्यांनी चार जणांना सांगितलं, आणि बघता बघता ज्या वाटेने दयाराम मेला त्या वाटेला मुंबईची माणसं 'किती शांत आहे हो' म्हणू लागली. नूतनला सुरुवातीला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटे. मग सवय झाली.

पाहुणे यायला लागले तशी गावाच्याही तोंडाला वाचा फुटली. "काय नूतन, बरी हायस ना?" कुणी वाल आणून दिले, कुणाला घावण्यांना मदत करायची होती. जणू काही झालंच नव्हतं. बहिष्कार कुणी उठवला नाही. सगळे तो सोयीने विसरले. आणि हीच खारवेळकरांची चूक झाली, कारण नूतन विसरली नव्हती.

कमलेशने पाखाडीच्या मध्यावर, बापाच्या घराला लागून, पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. रंगीत भिंती, झोपाळा, सगळा थाट. पण गावात पाहुणा यायचा तो नूतनचाच, आणि तो पाखाडीवर फिरकेना. तेव्हा तो खाली उतरून नूतनच्या अंगणात उभा राहिला.

"नूतनताय, जाताना पाहुण्यांना पाखाडीने घेऊन जा ना. माझ्याकडं सरबत पितील, खोल्या बघतील. त्यांना पण बरं, सावली हाय."

"पाखाडी मला बंद हाय," नूतन म्हणाली.

"काय बोलतेस? कोण अडवतंय तुला आता?"

"तुझ्या बापानं अडवलंय. देवासमोर बोललाय तो. उठवलं कधी ते सांग. आणि तू माझ्या अंगणात कसा उभा हायस? वाळीत टाकलेल्याच्या दारात यायचं न्हाय, तुमचाच नियम हाय. चल, हो बाहेर."

कमलेश अंगणाबाहेर झाला. त्याचा लालेलाल झालेला चेहरा बघून नूतनला इतकं बरं वाटलं, की दुपारी तिने दोन घास जास्त खाल्ले.

गोष्ट गावभर झाली. खोल्या एकट्या कमलेशच्या नव्हत्या. कुणी सरबताची टपरी टाकली होती, कुणी आंबापोळी विकायला बसणार होतं, आणि सगळ्यांची मदार पाखाडीने जाणाऱ्या पाहुण्यांवर होती. गावकी पुन्हा बसली. बहिष्कार उठवायची रीत जुनी आहे: वाळीत पडलेल्या घराने देवापुढे नारळ ठेवायचा, चप्पल हातात धरून उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि चुकलं म्हणायचं. धर्माजी म्हणून एक गोडबोल्या म्हातारा होता, त्याला नूतनकडे पाठवलं.

"एक नारळ तर ठेवायचा, पोरी. मिटेल सगळं."

"ठेवू की. ज्यानं वाळीत टाकलं त्यानं ठेवावा. आमचं काय चुकलंय?"

"अशी रीत न्हाय."

"मग असू द्या बंद. माझं काय अडलंय? माझे पाहुणे येतात तसे जातात."

धर्माजीही वस्ताद होता. मुलगी ऐकत नाही म्हटल्यावर तो आईकडे वळला. नारळ घरातल्या वडीलधाऱ्याने ठेवला तरी चालतो, आणि रंगूचे गुडघे गेलेले. पुळणीतून खाडीपर्यंत तिला आता चालवत नव्हतं. तिने कोळीवाडा पाहून वर्ष लोटलं असेल. धर्माजी कुंपणापलीकडे बसून तिला रोज सांगू लागला: वहिनी, पाखाडीने हळूहळू देवळात याल, चार बायकांत बसाल, मरताना तरी माणसांत असाल. रंगू भाकऱ्या थापत ऐकून घ्यायची. ना हो म्हणायची, ना नाही.

नूतनची झोप उडाली ती यामुळे. गाव काय करेल याचं तिला काही वाटत नव्हतं, पण आईने एक नारळ ठेवला की संपलं. बाप चुकला होता, हे त्याच्या बायकोने देवासमोर कबूल केल्यासारखं होणार. मग तो खडक, ते पाणी, ते बघत उभं राहिलेलं गाव, सगळं बरोबर ठरणार. एकदा तर रंगू अंगणात उभी राहून पाखाडीकडे टक लावून बघत होती.

"आये, तुला जायचंय ना वर?" नूतनने विचारलं.

"जायचं तर हाय," रंगू म्हणाली आणि आत गेली.

मग तिने घाई केली. आंबापोळीवाल्यांना, सरबतवाल्यांना तिने एकच गोष्ट ऐकवली: "तुमचं गिऱ्हाईक मी न्हाय अडवलंय, दिनानाथतात्यानं अडवलंय." बस्स. बाकीचं काम गावाने केलं. वाळीत टाकायची सवय लागलेल्या गावाला फक्त माणूस दाखवावा लागतो. दिनानाथ देवळात आला की गप्पा थांबू लागल्या. पत्त्यांच्या डावात त्याला पान मिळेना. न्हाव्याला त्याच्या दाढीसाठी वेळ होईना. घरात कमलेशने बोलणं सोडलं आणि सून ताट पडवीत ठेवून आत जाऊ लागली. हे सगळं भाविका हसत हसत सांगायची आणि नूतन "पुन्हा सांग" म्हणायची. तिला त्याची कीव आली नाही. तसं खोटं कशाला बोला, तिला मजा आली.

शेवटी म्हातारा वाकला. नारळ मी ठेवतो, म्हणाला. पण आता नूतनने अट घातली. देवळात नको. बाप मेला त्या खडकावर, आणि भरतीच्या वेळेला.

ठरल्या दिवशी दिनानाथ पाखाडी उतरून आला. हातात नारळ, चप्पल दुसऱ्या हातात. मागे कमलेश, धर्माजी, सगळी गावकी. रंगू म्हणाली, मीही येणार. नूतनने तिला धरून, थांबत थांबत सुरूच्या बनातून आणि पुळणीतून नेलं. एवढ्या सोप्या वाटेवर दिनानाथला धाप लागली होती.

खाडीचं तोंड तुडुंब भरलं होतं. दिनानाथ खडकावर उभा राहिला. लाटेचं पाणी त्याच्या धोतरापर्यंत येत होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मागे उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं," नूतन म्हणाली.

"दयारामचं काय चुकलं नव्हतं. चुकलं माझं. पाखाडी उघडी हाय." त्याने नारळ रंगूपुढे धरला. "घे, वहिनी."

सगळ्यांचे डोळे रंगूवर. आता ही नारळ घेणार, डोळ्याला पदर लावणार, 'जाऊ द्या' म्हणणार आणि सगळे हसत घरी जाणार. नूतनलाही तसंच वाटलं, आणि तिला आईचा राग आला.

रंगूने हात पुढे केला नाही.

"पाणी उतरू दे," ती म्हणाली. "मग घेते."

"वहिनी, ओहोटी लागायला अजून लई वेळ हाय..." धर्माजी पुटपुटला.

"ठाऊक हाय मला. नूतनचे बाबा पण इथं बसून सारखं विचारत होते, पाणी उतरलं का, पाणी उतरलं का. तात्या, तुम्ही वळणावरनं बघतच होतात. तेव्हा किती वेळ लागला होता, तेवढाच लागेल."

ती खाली बसली. दिनानाथ हात पुढे करून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने नारळ खाली खाली येऊ लागला. कमलेश त्याला आधार द्यायला पुढे सरला, तशी रंगू म्हणाली, "कुणी हात लावायचा न्हाय. तेव्हा पण कुणी लावला नव्हता." कमलेश जागच्या जागी थिजला. ऊन चढलं, गावकी बसली, उठली, पुन्हा बसली, पण घरी जायची कुणाची छाती झाली नाही. नूतन आईकडे बघत राहिली. इतकी वर्षं एका चुलीचं जेवून तिला ही बाई ठाऊक नव्हती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा जीव हलका झाला, आणि ती आईशेजारी जाऊन बसली.

पाणी घोट्याशी आलं तेव्हा रंगूने नारळ घेतला. दिनानाथ मटकन खाली बसला. कमलेशने घाईघाईने विचारलं, "मग काकी, आता मिटलं ना? उद्यापासनं पाहुणे पाखाडीनं?"

"मिटलं," रंगू म्हणाली. "पाखाडी उघडली. आता जायचं का न्हाय ते आमचं आम्ही बघू." आणि नूतनच्या खांद्यावर हात टाकून ती आल्या वाटेने, पुळणीतून, थांबत थांबत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या बायका होत्या. घावणे खाऊन झाले, हात धुऊन झाले. पाखाडीच्या मध्यावर कमलेश नवा शर्ट घालून उभा होता. हातात सरबताचे ग्लास भरलेला ट्रे. अंगणाकडे तोंड करून तो सगळ्यांना दिसेल असा हसत होता. नूतनने त्याच्याकडे नीट, डोळे भरून बघून घेतलं.

"किती छान पायऱ्या आहेत!" एक बाई म्हणाली. "ही वाट कुठे जाते हो, ताई?"

"कुठंच न्हाय जात," नूतन म्हणाली. "चला, इकडून या."