पास म्हणजे पास

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांना यंदा अचानक मुलांची दया आली. गुणांमुळे म्हणे कोवळ्या मनांवर ओरखडे उठतात! बैठकीत त्यांनी असा काही गळा काढला की ठराव चुटकीसरशी मंजूर झाला. गुण बंद, फक्त पास किंवा नापास. प्राध्यापक मंडळी खूश, कारण पेपर आता तपासायचे नव्हते, नुसते चाळायचे होते. मुलांनी तर सरांना डोक्यावरच घेतलं. प्रात्यक्षिकात देठाचे पातळ काप करायचे, तर हे पठ्ठे ब्लेडने ठोकळे पाडत, काचपट्टीवर ठेवत आणि पसार होत.

एक मुलगी तेवढी मान मोडून बसायची. तिचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशी न् पेशी सुटी दिसायची. तिला पुढे एका संशोधन संस्थेत जायचं होतं आणि संस्था गुण मागत होती. मी तिची शिक्षिका. तिला घेऊन सरांकडे गेले.

"सर, हिच्यापुरते तरी गुण कळवा ना."

"अहो मॅडम, तुम्हीसुद्धा? पास म्हणजे पास. आपल्याला सगळे सारखे." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाळ, आकड्यांच्या मागे लागू नये."

"मी नाही लागले, सर. ते मागताहेत."

सर फोन बघायला लागले.

थोड्याच दिवसांत प्राध्यापकांच्या कामाचे वार्षिक शेरे लागले. प्राचार्यांनी हीच लाडकी पद्धत आम्हालाही लावली होती. सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द, पास. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"इतकी वर्षं झिजलो मी इथे! आणि तो तासाला डुलक्या काढणारा माझ्या पंक्तीला? माझी बढती कशावर ठरवणार हे?"

"त्या मुलीचंही तेच म्हणणं होतं, सर."

"मुलांचं काय घेऊन बसलात! इथे माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

मला त्यांची किळस आली. संध्याकाळच्या आत बैठक बसली आणि प्राध्यापकांना गुण परत मिळाले. मी मुलांचा विषय काढला, तोवर मंडळी खुर्च्या सरकवून उठली होती. संस्थेने त्या मुलीचा अर्ज फेटाळला.

पुढच्या प्रात्यक्षिकाला तिने सगळ्यांच्या आधी ब्लेड खाली ठेवलं. काचपट्टीवर देठाचा जाडजूड तुकडा होता.

"हे काय गं?"

"पास व्हायला एवढा पुरतो ना, मॅडम?"

पुरत होता. मी 'पास' लिहिलं.