हलाट हाच

चौथा मजला.

गाडी इमारतीच्या पोटातून जाते. एका भिंतीतून शिरते, चौथ्या मजल्यावरच्या पाच फलाटांपैकी एकावर दम खाते आणि पलीकडच्या भिंतीतून पसार होते. खाली बुटांची दुकानं, वर दवाखाने, मधे काचेची खोली. तिच्यात एक बाई बावीस वर्षं गाड्या पुकारते आहे. तिचं खरं नाव हजेरीपटाला ठाऊक. बाकीच्यांसाठी ती लक्षद्या.

बुधवारी साहेबांनी तिला सांगितलं, की शुक्रवारी तिच्या आवाजात दोनशे वाक्यं भरून घ्यायची. मग यंत्र बोलेल आणि ती मोकळी. ‘मोकळी’ असं म्हणाले, जणू आजवर तिला बांधूनच ठेवलं होतं.

तिसरा मजला.

इथे काही घडत नाही. वर जायचं असलं तरी लिफ्ट आधी इथे येते, इतकंच.

सहावा मजला.

शुक्रवार, सकाळ. दाताचा डॉक्टर तिचा मामेभाऊ. वर्षभर ठणकणारी अक्कलदाढ आत्ताच काढ, असं तिने त्याला फर्मावलं. त्याने घड्याळ दाखवलं, ओठ बधिर राहील, उद्या ये म्हणाला.

“आजच.”

“ताई, प, फ, ब, भ, म सगळे जातील.”

“जाऊ देत. मीही जाणारच आहे, सोबत होईल.”

त्याने सुई टोचली.

पुन्हा चौथा.

“गाडी हलाट हाचवर येत आहे,” ती माइकपुढे म्हणाली आणि आता हा आवाज भरून घेणारा माणूस कपाळावर हात मारेल, काम पुढे ढकलेल म्हणून वाट बघत राहिली. तो यंत्राच्या काट्याकडे बघत होता. काटा हलतोय ना, झालं तर. साहेबांनी दारातूनच ऐकलं. चालेल म्हणाले. दोनशेच्या दोनशे वाक्यं भरली गेली आणि बाई शब्दशः तोंडघशी पडली.

सोमवार. मजला तोच.

ती कपाट आवरत होती. बाहेर थाटात उद्घाटन झालं आणि यंत्र बोललं, “गाडी हलाट हाचवर येत आहे.”

एकवरच्यांनी ऐकलं, हाच. तीनवरच्यांनीही ऐकलं, हाच. जो तो आपापल्या जागी निश्चिंत उभा राहिला. पाचवर कुणीच नव्हतं; तिथे गाडी रिकामी आली, रिकामी गेली. दुसरीही तशीच. तिसरीच्या वेळी साहेब धापा टाकत आत आले.

“बाई, हे काय बरळतंय?”

“तुम्ही चालेल म्हणालात ते.”

यंत्र बंद करावं, तर नुकतंच उद्घाटन झालेलं. साहेबांनी खुर्ची पुन्हा माइकपुढे ओढली आणि ते काय म्हणतंय तेवढं लोकांना सांगा, असं खालच्या आवाजात म्हणाले.

तेव्हापासून ती कागदोपत्री दुभाषी आहे. भाषा एकच. आधी यंत्र तिच्या आवाजात चुकतं, मग ती स्वतःच्या आवाजात त्याला झापते:

“लक्ष द्या. पाच. त्याचं ऐकू नका.”