पाणी न टिकणारी खोली

कोकणातल्या त्या घरगुती लॉजवर कोपऱ्यातली खोली सगळ्यात स्वस्त होती, तेच कारण सांगून मी ती मागितली. हिंगणघाटपासून एसटी बदलत, हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसाला पंखा फिरला म्हणजे पुरे. मालकीण प्रमिलाकाकू मात्र घुटमळल्या.

"तिथे माठातलं पाणी राहत नाही हो. कितीदा नवे माठ आणले. गिऱ्हाईक कटकट करतं, म्हणून निम्म्या भाड्यात देते."

"झिरपत असेल," मी म्हटलं. आम्ही मायलेकी कोण, ते काही सांगितलं नाही.

माझा भाऊ भूपेंद्र नव्व्याण्णवच्या मे महिन्यात मित्रांसोबत याच खोलीत उतरला होता. पोहायला गेला तो गेलाच. देहसुद्धा सापडला नाही. पितरांना पाणी मिळावं म्हणून आई दर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाबांच्या नावाने घागर भरायची. भूपेंद्रची भरू म्हटलं की अंगावर धावायची, "जित्या पोराची घागर काऊन भराव?"

तिच्या त्या वाट पाहण्याचा मला वीट आला होता. समुद्र बघून तरी मानेल, म्हणून यंदा मुद्दाम अखजीलाच तिला इथे आणलं.

सकाळी मी माठ भरला, अंघोळ करून आले, तर माठ रिकामा. खालची फरशी कोरडी. पुन्हा भरला, पुन्हा तेच. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

आई माठात हात घालून तळ चाचपत होती.

"सपना, इतल्या पान्यात राह्यते पोरगं, पन सारं खारं. पेवाले थेंब नाई त्याले. अन् मी माय असून त्याले पानी देलं नाई."

तिने स्वतः विहिरीचं पाणी शेंदलं. माठ भरला, वर आंबा ठेवला आणि बाबांच्या पाठोपाठ भूपेंद्रचं नाव घेतलं. "पेजो रे बापा," म्हणाली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हंबरडा फोडला. मीही रडले. सुटलो एकदाचे, असंही वाटलं.

संध्याकाळी काकू डोकावल्या. "अगोबाई, टिकलं की पाणी! आता पूर्ण भाडं लावायला हरकत नाही."

त्या गेल्यावर आईने आंबा बाजूला केला, माठात वाकून पाहिलं.

"थोडंसं पे ना रे अजून," ती हळूच म्हणाली.

आम्ही दोघी बघत बसलो. माठ काठोकाठ भरलेलाच राहिला.