पांढऱ्यावरची ओली रेघ

"पुठ्ठा बाहेर ओढा मिस्त्री, बघू तरी किती सांडलंय," टायपिंगच्या बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी गाडीखालचा पुठ्ठा ओढला. रात्रभरात त्यावर बशीएवढा काळा डाग पडला होता. दोनदा पॅकिंग बदलूनही ऑइल गळायचं थांबत नव्हतं.

"पलीकडचा गॅरेजवाला म्हणतो, मागचं सील गेलंय," बाई म्हणाल्या. "सगळं इंजिन खाली उतरवावं लागेल. तसं असेल तर सांगून टाका. एवढी चिरफाड आता मला झेपायची नाही. ह्यांची गाडी म्हणून इतकी वर्षं सांभाळली. भंगारवाल्याला बोलावते नि मोकळी होते."

मोकळी होते म्हणताना त्यांचा तळवा बॉनेटवरच होता. टायपिंगचा क्लास बंद केल्यापासून त्या रोज सकाळी ही जुनी गाडी नदीपर्यंत नेऊन आणत.

सीलच गेलेलं असावं, असं मिस्त्रींना आतून वाटत होतं. म्हाताऱ्या गाडीचं सील जायचंच, त्यात कुणाचा दोष नसतो. पण ऑइल इंजिनावरच्या झाकणातून, म्हणजे टॅपेट कव्हरमधून येत असेल, तर ते कव्हर दोन्ही वेळा त्यांनीच बसवलं होतं. आणि थंडी सुरू झाल्यापासून त्यांच्या उजव्या अंगठ्याला काही कळत नव्हतं. चहा निवला का गं, असं ते हल्ली रोज बायकोला विचारत. ती कपाला हात लावून सांगे. का विचारता, हे तिने विचारलं नव्हतं.

त्यांनी इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, पावडरचा डबा आण."

"आता इंजिनाला पावडर?" बायको डबा घेऊन आली. "माझ्यासाठी कधी एवढ्या हौसेने मागितली नाहीत."

"तुम्ही गळत नाही ना वहिनी," बाई म्हणाल्या.

"ऑइल टपकतं एकीकडे, निघतं भलतीकडून," मिस्त्री पावडर उडवत म्हणाले. "वरून ओघळत खाली येतं. पावडर जिथे आधी भिजेल, तिथे गळती. बसा आत. चालू करा."

बाई स्टिअरिंगमागे बसल्या. इंजिन पांढरंफटक होऊन थरथरत राहिलं. मिस्त्रींनी टॉर्च आधी खाली, सीलच्या बाजूला मारला. कोरडं. इंजिन तापलं. "थोडा ॲक्सिलरेटर द्या," ते ओरडले. अजून कोरडं.

मग कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात एक ठिपका करडा झाला. तो फुगला, फुटला आणि त्याची बारीक रेघ इंजिनाच्या पाठीवरून खाली निघाली. थेट सीलच्या दिशेने.

बॉनेट उघडं असल्यामुळे बाईंना काही दिसत नव्हतं. बायको दाराशी होती. मिस्त्रींच्या हातात फडकं होतं.

"सीलच ना?" आतून बाईंचा आवाज आला.

"बंद करा गाडी."

"सीलच ना, मिस्त्री? सांगा ना."

"नाही. सील ठणठणीत आहे." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "कव्हरचा नट जास्त आवळला गेलाय. खालचं बुचाचं पॅकिंग चिरडलंय."

"कुणी आवळला?"

"मी."

इंजिन निवलं. मिस्त्रींनी चिरडलेलं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं, कव्हर ठेवलं. नट बोटांनी फिरवत आणायचा. पॅकिंग दबू लागलं की अंगठ्याला कळतं. तिथून पान्याने अर्धा फेरा, बस. त्यांनी नट चिमटीत धरला आणि थांबले.

"इकडे ये जरा," ते बायकोला म्हणाले.

"मी?"

"बरणीचं झाकण लावतेस तसं फिरव. अडलं की सांग."

तिने हात पुसले आणि वाकून नट फिरवू लागली. मिस्त्री तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"अडतंय."

"कसं अडतंय?"

"मऊ. खाली कुणीतरी उशी ठेवल्यासारखं."

आयुष्यभर त्यांना जे कळत आलं होतं, ते असंच होतं.

"आता पाना घे. अर्धा फेरा. सोड." मग दुसरा नट दाखवला. "हाही तसाच."

दुसरा नट फिरवता फिरवता तिने मान वर न करता हळूच विचारलं, "कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि मला वाटायचं, माझ्या हातचा चहा आवडेनासा झाला," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

पुन्हा पावडर मारली, पुन्हा इंजिन तापवलं. पांढरं पांढरंच राहिलं. तरी संध्याकाळपर्यंत गाडी इथेच राहू द्या, असं मिस्त्रींनीच सुचवलं. खाली नवा पुठ्ठा सरकवला.

संध्याकाळी बाई किल्ली फिरवत दारात उभ्या राहिल्या तेव्हा मिस्त्री गाडीखाली आडवे झाले होते. त्यांनी पुठ्ठ्यावर उजवा हात फिरवला. काही कळलं नाही. मग कुशीवर वळून डावा हात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

कोरडा होता.