लंडन नावाचं गाव

“बाई, लंडन नक्की कुठं हाय?”

पुस्तकांवर शिक्के मारत बसलेल्या डेबोराबाईंनी मान वर केली. दारात काळुराम उभा होता, वरसेहून भर दुपारी चालत आल्यामुळे घामाने निथळलेला. मागे त्याची बायको धोंडुबाई. रोह्याच्या या वाचनालयात काळुराम कधी पुस्तक न्यायला आला नव्हता, पण त्याचा मुलगा प्रणित इथंच खिडकीजवळ बसून बोटीवरच्या नोकरीचा अभ्यास करायचा. बाईंना ते आठवत होतं.

“लंडन इंग्लंडमध्ये. का हो?”

“मंग प्रणितची बोट तिकडं कशी गेली? ती तर पॅसिफिकात व्हती.”

त्याने खुर्चीच्या कडेवर टेकून सांगितलं ते असं. काल सकाळी मुंबईहून बोटीच्या एजंटाचा फोन आला. डेकवर लोखंडी दोर तुटला, प्रणितच्या पायाला मार लागला, त्याला ख्रिसमस बेटावर उतरवून बोट पुढे गेली. एवढं सांगून एजंटाने जो फोन ठेवला तो परत उचललाच नाही. संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून प्रणितचा मेसेज आला: मी लंडनला हाय, दवाखान्यात, आयला सांगा काळजी करू नको. त्या नंबरावर रात्रभर फोन लावला, लागला नाही.

“येक म्हनतो ख्रिसमस, येक म्हनतो लंडन,” काळुराम म्हणाला. “माझ्या कंपनीत इचारलं तर पोरं हसली. शिफ्ट टाकून आलो बाई. तुमीच बघा आता.”

बाईंनी संगणक सुरू केला. ख्रिसमस बेट शोधलं तर ते हिंदी महासागरात निघालं, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं. रस्ताभर लाल खेकडे पसरलेले फोटो. तिथल्या दवाखान्याला बाईंनी फोन लावला. पलीकडच्या बाईने दोनदा तपासून सांगितलं, या नावाचा कुणी इथं आलेला नाही.

“नाय? म्हंजे माझा पोर नाय थितं?” धोंडुबाईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“थांबा. तो मेसेजचा नंबर दाखवा.”

नंबराच्या सुरुवातीला सहाशे शहाऐंशी होते. ते आकडे कुठल्या देशाचे म्हणून शोधलं, तर उत्तर आलं: किरिबाटी.

“आता ह्ये तिसरं कुठलं?” काळुराम हताश होऊन म्हणाला.

बाईंनाही ठाऊक नव्हतं. त्या एकेक पान उघडत गेल्या. ज्ञानकोशात होतं, पॅसिफिक महासागरात विखुरलेली तेहतीस बेटं. भाषेच्या एका पानावर होतं, या देशाचं नाव लिहायचं किरिबाटी आणि म्हणायचं किरिबास, कारण त्यांच्याकडे ‘स’ला अक्षरच नाही, ‘टी-आय’ लिहून ‘स’ वाचतात. बाईंनी बेटांची यादी वर-खाली केली. किरिटिमाटी. त्यांनी ते नाव पुटपुटून पाहिलं, मग टी-आयच्या जागी ‘स’ घालून पुन्हा म्हटलं. किरिसमास.

“काळुराम, हे बघा! ख्रिसमसच आहे हे. दुसरं ख्रिसमस. आणि...” नकाशा मोठा करता करता त्या थांबल्या. “या बेटावर लंडन नावाचं गाव आहे. पलीकडे पोलंड. आणि हे बनाना.”

“केळं?” धोंडुबाईने विचारलं.

काळुरामने पडद्यावरच्या निळ्या रंगाकडे पाहिलं. त्यात बेट शोधायला डोळे बारीक करावे लागत होते. “अशा जागी मानसं ऱ्हातात व्हय? खातात काय? डॉक्टर तरी हाय का?”

सरकारी पानावर आरोग्य खात्याचा नंबर होता, पण तो राजधानीचा, आणि राजधानी त्या बेटापासून तीन हजार किलोमीटर लांब. दुसऱ्या एका अहवालातल्या ओळी बाई मराठी करून सांगू लागल्या. तिथल्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरतं, गोडं पाणी नासतं, झाडं वाळतात.

“परत वाचा,” काळुराम म्हणाला.

बाईंनी परत वाचलं. कालपासून कानावर पडलेल्यातलं हेच एक त्याला कळलं होतं. पेणच्या खारेपाटात त्याचं गाव होतं. थंडी सरली की मिठागरावर जायचं आणि पावसाळ्यात भात लावायचं. एका उधाणात बांध फुटला, शेतात खाडी आली, विहीर खारट झाली. तीन वर्षं वाट पाहून त्याने बिऱ्हाड वरसेला आणलं आणि कंपनीत बॉयलरवर लागला.

“मंग मानसं हायत थितं,” तो हळूच म्हणाला. “आपल्यावानी.”

उपयोगी पान सापडलं ते भलत्याच ठिकाणी. मासेमारीच्या हौसेने येणाऱ्या परदेशी लोकांसाठी लंडनजवळ एक लहानसं अतिथीगृह होतं, आणि मालक योआने याचा नंबर खाली दिलेला होता. बाईंनी त्याला सगळी हकिकत लिहून पाठवली.

“लगेच उत्तर येणार नाही. तिथं आता रात्रीचे साडेबारा झालेत. गुरुवार लागला.”

“आज बुधवार हाय.”

“इथं बुधवार.”

काळुरामने बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. बाईंना अशा हिशेबाची सवय होती. त्या कोकणातल्या ज्यू; त्यांची भावंडं केव्हाच इस्रायलला गेली होती. कुणाला कधी फोन करायचा हे त्या घड्याळाकडे न बघता सांगत.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बाई कुलूप उघडायला आल्या तर दोघं पायरीवर बसलेली. योआनेचं उत्तर आलं होतं: पोरगा भेटला, मी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन व्हिडिओ कॉल लावतो. त्याची संध्याकाळ इथल्या साडेनऊला झाली.

पडद्यावर आधी पंखा दिसला, मग एक ठेंगणी नर्स. ती सावकाश बोलली. बाई सांगत गेल्या, “जिवावरचं टळलंय. ताप उतरलाय. औषधाने झोपलाय. पुढच्या विमानाने फिजीला मोठ्या दवाखान्यात नेणार.”

योआनेने फोन खाटेकडे वळवला. पातळ चादरीखाली डावं पाऊल उंच दिसत होतं. उजव्या बाजूला गुडघ्याखाली चादर गादीला सपाट टेकलेली होती. नर्स काहीतरी म्हणाली. डेबोराबाई ते सांगायला काळुरामकडे वळल्या.

“कळलं मला,” काळुराम म्हणाला.

फोन वर सरकला. प्रणितचा चेहरा आला, दाढी वाढलेला, ओठ किंचित उघडे. तेवढ्यात नेट अडकलं आणि चित्र तिथंच थिजलं.

मागे उभ्या असलेल्या धोंडुबाईला पडद्यावर नुसताच उजेड दिसत होता. “कसा हाय ओ?”

बाईंचा हात पुन्हा फोन लावायला पुढे झाला. “ऱ्हाऊ द्या बाई,” काळुराम म्हणाला. तो उठला, आपली खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ सरकवली आणि बायकोला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

“बघ,” तो म्हणाला. “झोपलाय गो.”